तेल महागते तेव्हा सरकारच्या हातात नेमके काय असते?

पेट्रोल-डिझेलचे दर चढू लागले की कोणत्याही देशातले लोक सरकारकडे बोट दाखवतात आणि सरकार आंतरराष्ट्रीय बाजाराकडे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, आणि म्हणूनच बातम्या वाचणारा सामान्य माणूस गोंधळात पडतो. भाव बाजारच ठरवत असेल तर सरकारचे ऊर्जा धोरण कशासाठी असते? आणि धोरणाने फरक पडत असेल तर प्रत्येक तेलसंकटात सगळीच सरकारे सारखीच हतबल का दिसतात?

या लेखात एकच मुद्दा उलगडून पाहायचा आहे. तेलाचा जागतिक भाव ठरवणे एकट्यादुकट्या सरकारच्या आवाक्यात नसते. मात्र तो भाव कोणी भरायचा, कधी भरायचा आणि कोणत्या खिशातून भरायचा, हे बऱ्याच अंशी सरकारच ठरवते. भाव गोठवणे, अनुदान, करकपात, राखीव साठे हे सगळे उपाय या चष्म्यातून पाहिले की त्यांचे गुणदोष बरेच स्पष्ट दिसू लागतात.

एका पिंपाचा भाव कसा ठरतो

जमिनीतून निघते ते कच्चे तेल. ते पिंपाच्या, म्हणजे बॅरलच्या, मापाने विकले जाते आणि एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर तेल मावते. (प्रत्यक्ष लाकडी पिंपे केव्हाच इतिहासजमा झाली. तेल नळांतून आणि जहाजांतून फिरते. पिंप उरले आहे ते फक्त हिशेबाच्या कागदावर.) सारे जग मिळून दिवसाला साधारण १० कोटी बॅरल तेल वापरते.

आता संगीतखुर्चीचा खेळ डोळ्यांसमोर आणा. शंभर माणसे आहेत, खुर्च्या अठ्ठ्याण्णव आहेत, आणि खुर्ची पळत जाऊन नव्हे तर बोली लावून मिळवायची आहे. दोन माणसे उभी राहायला तयार होईपर्यंत बोली चढतच जाणार, आणि खुर्चीवाचून कोणाचेच चालत नसेल तर ती कुठल्या कुठे जाईल. तेलाचे नेमके हेच होते. कामावर जायचे असते, माल पोहोचवायचा असतो, पंपाने पाणी उपसायचे असते. भाव दीडपट झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी वाहन बदलत नाही. भाव बदलल्यावर मागणी किती बदलते, याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. तेलाच्या बाबतीत ती थोड्या काळापुरती फारच कमी असते, त्यामुळे पुरवठ्यात दोन-तीन टक्क्यांची तूट आली तरी भाव मात्र तीस-चाळीस टक्क्यांनी उसळू शकतो. या खेळात शेवटी जे दोघे उभे राहतात, ते कमी गरजू असतात असे नाही. त्यांच्याजवळ पैसे कमी असतात, इतकेच. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

उलट बाजूनेही हाच नियम चालतो. २० एप्रिल २०२० रोजी, साथीमुळे जग घरात बसलेले असताना, अमेरिकी कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा, म्हणजे त्या महिन्यात तेल ताब्यात घेण्याच्या आगाऊ कराराचा, भाव शून्याखाली, उणे ३७ डॉलरपर्यंत घसरला. ज्याच्या नावावर तेल होते त्याला ते साठवायला जागा मिळत नव्हती, म्हणून पदरचे पैसे देऊन तो ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू पाहत होता. याच तेलाने जुलै २००८ मध्ये बॅरलमागे १४७ डॉलरचा टप्पा गाठला होता.

पंपावर आपण देतो ती रक्कम म्हणजे केवळ कच्च्या तेलाचा भाव नव्हे. त्यावर शुद्धीकरणाचा, वाहतुकीचा आणि विक्रीचा खर्च चढतो आणि सर्वांत वर कर बसतो. शिवाय तेलाचे व्यवहार मुख्यतः डॉलरमध्ये होत असल्यामुळे ज्या देशाचे चलन घसरते, तिथे जागतिक भाव स्थिर असतानाही तेल महागते. सरकारला थेट हात घालता येतो तो यातल्या कराच्या थराला.

'आपल्याच देशात भरपूर तेल सापडले तर?'

हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. अमेरिका २०१८ मध्ये जगातला सर्वांत मोठा कच्चे तेल उत्पादक देश बनली. तरीही युक्रेन युद्धानंतर, जून २०२२ मध्ये, तिथल्या पेट्रोलचा सरासरी दर इतिहासात प्रथमच गॅलनमागे, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरमागे, पाच डॉलरच्या वर गेला. कारण तेलाचा बाजार एकमेकांना जोडलेल्या टाक्यांसारखा आहे. कोणत्याही एका टाकीतून उपसा वाढला की सगळ्यांचीच पातळी खाली जाते, मग ती टाकी कोणाच्याही अंगणात असो. देशी उत्पादकाला बाहेर जास्त भाव मिळत असेल तर तो घरच्यांना स्वस्तात का विकेल?

मग निर्यातबंदी का घालू नये? अमेरिकेने तेही करून पाहिले. १९७५ पासून डिसेंबर २०१५ पर्यंत तिथे कच्च्या तेलाच्या निर्यातीवर जवळपास संपूर्ण बंदी होती. पण शुद्ध केलेले पेट्रोल आणि डिझेल बाहेर जाऊ शकत असल्यामुळे पंपावरचे दर जगाच्याच तालावर नाचत राहिले.

नॉर्वेचे उदाहरण याहून बोलके आहे. उत्तर समुद्रातल्या तेलावर हा देश श्रीमंत झाला, पण तिथले पेट्रोल जगातल्या महागड्या पेट्रोलमध्ये मोडते, कारण त्यावर भरभक्कम कर आहे. तेलाच्या विक्रीतून सरकारला मिळणारे उत्पन्न एका राष्ट्रीय निधीत जाते. या निधीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि पहिली रक्कम १९९६ मध्ये जमा झाली. आपल्या जमिनीत तेल असण्याचा फायदा असतो तो असा: पेट्रोल स्वस्त होत नाही, पण भाव चढल्यावर जगाच्या खिशातून निघणारा पैसा आपल्या तिजोरीत येतो. त्या पैशाचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न आहे, आणि व्हेनेझुएलासारख्या देशांनी त्याचे उत्तर किती वाईट देता येते, हे दाखवून दिले आहे.

'सरकारने भाव गोठवून टाकावेत'

या उपायाचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. महागाई रोखण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये किमती आणि वेतन गोठवले. बाकीच्या वस्तूंवरचे निर्बंध यथावकाश सुटले, तेलावरचे मात्र कोणत्या ना कोणत्या रूपात राहिले. पुढे ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी, अरब तेल उत्पादक देशांनी उत्पादन घटवले आणि अमेरिकेसह काही देशांचा पुरवठा तोडला. बॅरलमागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत जवळजवळ १२ डॉलरवर गेला. पंपावरचा दर मात्र कायद्याने बांधलेला होता.

मग काय झाले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. पहाटेपासून पंपांवर मोटारींच्या रांगा लागत. ओरेगॉन राज्यात पंपांवर रंगीत निशाणे लावण्याची पद्धत निघाली: हिरवे दिसले तर सर्वांना पेट्रोल मिळेल, पिवळे दिसले तर फक्त व्यावसायिक वाहनांना, आणि लाल दिसले तर पुढचा पंप गाठायचा. वाहनक्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेला आणि सम असेल तर सम तारखेला पेट्रोल, असा नियम अनेक ठिकाणी आला. उद्या मिळेल याची खात्री नसल्यामुळे लोक टाकी अर्धी भरलेली असतानाच रांगेत येऊन उभे राहू लागले आणि रांगा आणखी लांबल्या. १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर पुन्हा टंचाई आली, तेव्हा काही राज्यांना उलटाच नियम करावा लागला: ठरावीक रकमेपेक्षा कमी पेट्रोल घ्यायचेच नाही, म्हणजे नुसती 'टाकी वर करायला' येणारे तरी घरी बसतील. हे सगळे चालू असताना रांगेतल्या गाड्या इंजिन सुरू ठेवून इंच इंच पुढे सरकत होत्या, म्हणजे ज्याची टंचाई होती तेच जाळत होत्या.

पेट्रोल कागदावर स्वस्त होते, पण त्याची उरलेली किंमत लोक तासांमध्ये मोजत होते. पैशाने द्यायची किंमत निदान विक्रेत्याला तरी मिळते आणि जास्त माल आणण्याचे कारण देते. रांगेत गेलेला तास कोणाच्याच पदरात पडत नाही. तेलावरची उरलीसुरली नियंत्रणे अमेरिकेने जानेवारी १९८१ मध्ये उठवली.

'निदान अनुदान तरी द्यावे'

अनुदान म्हणजे खऱ्या किमतीचा काही भाग सरकारने भरणे, आणि सरकार तो भरते ते करदात्याच्याच पैशातून. कधी हा खर्च अर्थसंकल्पात सरळ दिसतो, कधी दिसू दिला जात नाही. भारताने २००५ ते २०१० या काळात तेल कंपन्यांना तोटा भरून देण्यासाठी रोख रकमेऐवजी मोठ्या प्रमाणावर तेलरोखे दिले. त्या वर्षांतल्या ग्राहकाला पेट्रोल-डिझेल स्वस्त मिळाले आणि रोख्यांचे व्याज व मुद्दल फेडण्याचे काम पुढे दीड दशक चालले. कोणत्या खिशातून, याचे उत्तर इथे 'पुढच्या पिढीच्या करदात्याच्या' असे होते.

अनुदानाची दुसरी अडचण अशी की ते लिटरवर मिळते, माणसावर नाही. जो जास्त जाळतो त्याला जास्त मिळते. मोठ्या गाडीतून रोज लांबवर जाणाऱ्याला घसघशीत लाभ होतो आणि बसने प्रवास करणाऱ्याच्या वाट्याला तिकिटातून झिरपेल तेवढाच येतो. जर्मनीने २०२२ मध्ये जून ते ऑगस्ट असे तीन महिने पेट्रोलवरचा कर लिटरमागे सुमारे ३५ सेंटने आणि डिझेलवरचा सुमारे १७ सेंटने घटवला, आणि त्याच तीन महिन्यांत केवळ ९ युरोंचा मासिक पास काढून देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांतून फिरण्याची सोयही केली. पहिल्या उपायाने वाहनधारकाला दिलासा मिळाला, पण तेल जाळण्याचे प्रोत्साहनही मिळाले. दुसऱ्याने गाडी घरी ठेवण्याचे कारण दिले. माझ्या मते या जोडीतला दुसरा उपाय अधिक विचारपूर्वक होता, जरी बातम्यांत पहिल्याचीच चर्चा अधिक झाली.

तिसरी अडचण सहसा कोणी बोलून दाखवत नाही. एका छोट्या देशाने अनुदान दिले तर जागतिक भावावर परिणाम होत नाही. पण संकटाच्या काळात बहुतेक सगळीच सरकारे एकदम अनुदान देऊ लागतात. संगीतखुर्चीच्या खेळात प्रत्येकाच्या हातात शंभर रुपये जास्त दिले तर बोली शंभर रुपयांनी वाढते. खुर्च्या अठ्ठ्याण्णवच राहतात. हा जास्तीचा पैसा शेवटी तेल विकणाऱ्याकडे जातो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२२ या एका वर्षात जगभरच्या सरकारांनी कोळसा, तेल, वायू आणि त्यांच्यावरची वीज ग्राहकाला स्वस्त ठेवण्यासाठी दिलेले अनुदान १ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले होते.

एकदा दिलेले अनुदान काढून घेणे का जमत नाही

इक्वेडोरच्या सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंधनावरचे अनेक दशकांचे अनुदान एका फर्मानाने बंद केले. डिझेल दुपटीहून महाग झाले, वाहतूकदार आणि आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या, सरकारला आपला मुक्काम राजधानी कीटोहून ग्वायाकीलला हलवावा लागला आणि दोन आठवड्यांच्या आत ते फर्मान मागे घेतले गेले. नायजेरियात जानेवारी २०१२ मध्येही देशव्यापी संपापुढे सरकारने माघार घेतली. अशा वेळी 'लोकांना अर्थशास्त्र कळत नाही' असे म्हणून मोकळे होणाऱ्यांशी मी सहमत नाही. लोकांना हिशेब नीट कळतो. स्वस्त इंधन हा सरकारकडून हातात पडणारा एकमेव फायदा असेल, तर 'हे सोडा, त्याऐवजी शाळा आणि दवाखाने देऊ' या आश्वासनावर ते का विश्वास ठेवतील?

इराणने २०१० मध्ये हा क्रम उलटवला. दरवाढीच्या आधीच कुटुंबांच्या बँक खात्यांत भरपाईची रक्कम जमा करण्यात आली. ती खात्यात दिसत होती, पण नवे दर लागू होईपर्यंत काढता येत नव्हती. डिसेंबरमध्ये इंधनाचे दर कित्येक पटींनी वाढले आणि त्याच वेळी खातीही खुली झाली. मोठा उद्रेक झाला नाही. पुढे महागाईने त्या ठरावीक रकमेची किंमत खाऊन टाकली आणि योजना निस्तेज झाली, तो भाग वेगळा. पण आधी हातात द्यावे आणि मग मागावे, हे तत्त्व त्यातून दिसले.

इंडोनेशियाने वेळ साधली. २०१४ च्या उत्तरार्धात जागतिक भाव कोसळू लागला, आणि जानेवारी २०१५ मध्ये सरकारने पेट्रोलवरचे अनुदान काढून टाकले. भाव खाली येत असल्यामुळे ग्राहकाला त्याचा चटका फारसा बसला नाही. अर्थात भाव पुन्हा वर गेल्यावर तेच सरकार दर दाबून धरू लागले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला एका फटक्यात सुमारे ३० टक्के दरवाढ करावी लागली.

'कर कमी केला की झाले'

पंपावरच्या दरात कराचा वाटा देशागणिक फार वेगळा असतो. अमेरिकेचा केंद्रीय कर गॅलनमागे १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून त्यात बदल झालेला नाही. युरोपातल्या अनेक देशांत पंपावरच्या दराचा निम्म्याच्या आसपास भाग कराचा असतो. त्यामुळे कर जास्त म्हणजे सरकारची लूट, असे सरसकट म्हटले जाते. पण लिटरमागे ठरावीक रकमेचा कर झटके शोषून घेणाऱ्या स्प्रिंगसारखेही काम करतो. शंभरपैकी साठ रुपये कर असेल आणि कच्च्या तेलाचा तीस रुपयांचा वाटा दुप्पट झाला, तर दर १३० होईल. कर केवळ दहा रुपये असता तर मूळचा दर ५० आणि नवा दर ८०, म्हणजे वाढ थेट साठ टक्क्यांची. जिथे कर टक्केवारीत लावला जातो तिथे हे होत नाही. तिथे भावाबरोबर करही फुगतो आणि सरकारला न मागता जास्तीचे उत्पन्न मिळते. अशा देशातल्या नागरिकाने 'निदान ही वाढ तरी परत करा' म्हणणे पूर्णपणे रास्त आहे.

दर चढताना ससा आणि उतरताना कासव, असाही अनुभव अनेक देशांतल्या ग्राहकांना येतो, आणि अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासांतही तो अनेकदा दिसला आहे. विक्रेत्याकडे महाग घेतलेला साठा शिल्लक असतो, हे एक कारण. भाव उतरू लागल्यावर ग्राहक स्वस्त पंप शोधत फिरणे सोडून देतो, हे दुसरे. आणि कच्चे तेल स्वस्त झाल्याचे पाहून काही सरकारे हळूच कर वाढवतात, हे तिसरे, ज्याबद्दल कोणतेच सरकार जाहिरात देत नाही.

कर वाढवण्याचीही मर्यादा आहे. फ्रान्समध्ये हवामानाच्या कारणासाठी इंधनकर वाढत होता आणि नोव्हेंबर २०१८ पासून लोक पिवळी जाकिटे घालून चौक अडवू लागले. प्रत्येक वाहनात ठेवणे कायद्याने बंधनकारक असलेले ते जाकीट असल्याने आंदोलनाचा गणवेश घरोघरी आधीच तयार होता. डिसेंबरमध्ये नियोजित करवाढ रद्द झाली. खेड्यापाड्यांत आणि उपनगरांत राहणारी, गाडीशिवाय पर्याय नसलेली माणसे त्यात पुढे होती. संगीतखुर्चीच्या खेळात उभे राहावे लागणारे ते दोघे हेच.

'साठवलेले तेल मग कशासाठी असते?'

१९७३ च्या धक्क्यानंतर, १९७४ मध्ये, तेल आयात करणाऱ्या श्रीमंत देशांनी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन केली. निव्वळ आयात करणाऱ्या सदस्य देशाने किमान ९० दिवसांच्या आयातीइतका साठा बाळगावा, असा तिचा दंडक आहे. अमेरिकेचा सरकारी साठा टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्याजवळ जमिनीखालच्या मिठाच्या थरांत आहे. पाण्याने मीठ विरघळवून तिथे पोकळ्या केल्या आहेत. एक नमुनेदार पोकळी सुमारे ६०० मीटर उंच आणि ६० मीटर रुंद असते. तेल बाहेर काढण्यासाठी तळाशी पाणी सोडले जाते, त्यावर तरंगणारे तेल वर ढकलले जाते. मात्र आत गेलेले गोडे पाणी प्रत्येक वेळी भिंतींचे थोडे मीठ विरघळवते आणि पोकळी मोठी होत जाते. त्यामुळे हा साठा मनाला येईल तितक्या वेळा रिकामा करता आणि भरता येत नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेने या साठ्यातून सहा महिने रोज १० लाख, म्हणजे एकूण १८ कोटी बॅरल तेल काढण्याचे ठरवले. आकडा प्रचंड वाटतो, पण रोजचे १० लाख बॅरल म्हणजे जगाच्या रोजच्या वापराचा एक टक्का. अमेरिकेच्या अर्थखात्याच्या अंदाजाने, सहकारी देशांच्या साठ्यांसह या सगळ्याने पंपावरचा दर गॅलनमागे १७ ते ४२ सेंटने खाली ठेवला. हे थोडे नाही, पण दर पाच डॉलर असताना फारही नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा उपयोग नळाला दोन दिवस पाणी न येण्याच्या वेळी असतो. धरणच आटले तर टाकी पुरत नाही. वादळाने शुद्धीकरण कारखाने बंद पडणे किंवा युद्धाने सागरी मार्ग अडणे, अशा काही आठवड्यांच्या खंडासाठी हे साठे आहेत. निवडणुकीच्या तोंडावर दर उतरवण्यासाठी ते वापरण्याचा मोह सरकारांना होतोच.

'तेल कंपन्या नफा कमावतात, त्यांच्याकडून घ्या'

भाव अचानक चढल्यावर जुन्याच विहिरीतून, जुन्याच खर्चात काढलेल्या तेलावर कंपनीला मिळणाऱ्या घबाडावर जादा कर लावता येतो. ब्रिटनने मे २०२२ मध्ये उत्तर समुद्रातल्या उत्पादकांवर २५ टक्क्यांचा असा कर लावला. अमेरिकेने १९८० मध्ये आणलेला असाच कर, भाव कोसळल्यामुळे त्यातून काही मिळेनासे झाल्यावर, १९८८ मध्ये रद्द केला. या कराने पेट्रोल स्वस्त होत नाही, पण गरजूंना मदत देण्यासाठी तिजोरीत पैसा येतो. आणि तो वारंवार बदलत राहिला तर कंपन्या नवी गुंतवणूक दुसरीकडे नेतात.

ज्या उपायांनी खरेच फरक पडला

आतापर्यंतचे सगळे उपाय बोली कोण भरणार याबद्दलचे होते. बोली लावणाऱ्यांची संख्याच कमी करणे हा वेगळा मार्ग आहे आणि १९७३ नंतर काही देशांनी तो घेतला. फ्रान्सने १९७४ मध्ये, पंतप्रधान पिएर मेस्मेर यांच्या काळात, अणुवीज केंद्रांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि १९९० च्या सुमारास देशाची तीन चतुर्थांश वीज त्यांतून येऊ लागली. अमेरिकेने १९७५ च्या कायद्याने मोटार कंपन्यांना दहा वर्षांत सरासरी मायलेज जवळजवळ दुप्पट, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटरपर्यंत, नेण्याचे बंधन घातले.

ब्राझील तेव्हा गरजेच्या सुमारे ८० टक्के तेल आयात करत होता. त्याने १९७५ मध्ये उसापासून इथेनॉल बनवण्याची योजना सुरू केली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी केवळ इथेनॉलवर चालणाऱ्या होत्या. मग तेल स्वस्त झाले, साखर महाग झाली, कारखाने उसाची साखर करू लागले आणि १९९० च्या सुमारास इथेनॉलच्याच टंचाईने या मोटारींचे मालक अडकून पडले. एका इंधनाच्या परावलंबनातून सुटताना दुसऱ्याच्या तावडीत सापडण्याचा हा प्रकार. २००३ पासून तिथे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींचे कसलेही मिश्रण चालणाऱ्या मोटारी आल्या, तेव्हा कुठे चालकाला पंपावर उभे राहून स्वस्त काय ते पाहून निवडण्याची मोकळीक मिळाली.

या सर्व प्रयत्नांत, आणि महाग तेलाने आलेल्या मंदीतही, १९७९ नंतर काही वर्षे जगाचा तेलवापर चक्क घटत गेला. ऑपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने भाव टिकवण्यासाठी उत्पादन कमी करून पाहिले. अखेर सौदी अरेबियाने एकट्याने कपात सोसणे थांबवले आणि १९८५ च्या अखेरीस २५ डॉलरच्या वर असलेला भाव १९८६ च्या मध्यापर्यंत १० डॉलरच्या आसपास आला. म्हणजे धोरणाने जागतिक भाव हलतो, पण त्यासाठी अनेक देशांनी एका दिशेने दहा-बारा वर्षे चालावे लागते. एक मोटार पंधरा वर्षे रस्त्यावर असते, खोल समुद्रातल्या विहिरीतून पहिले तेल यायला बऱ्याचदा त्याच्या निम्मा काळ जातो. संकट मात्र आजच्या बातमीत असते. आज घेतलेला निर्णय बहुधा याच्या पुढच्या संकटात उपयोगी पडतो, आणि तोवर तो घेणारे सरकार बदललेले असते.

तेल स्वस्त झाल्यावर काय होते, तेही याच काळात दिसले. भाव उतरताच अमेरिकेने १९८६ ते १९८८ या वर्षांच्या मोटारींसाठी मायलेजची अट शिथिल केली.

'विजेवरची वाहने आली की हा प्रश्नच संपेल ना?'

काही अंशी संपेल. पन्नास वर्षांपूर्वी जगाच्या एकूण ऊर्जेत तेलाचा वाटा ४६ टक्के होता, तो २०२४ मध्ये ३० टक्क्यांच्या खाली आला. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. पण विमाने, जहाजे, प्लास्टिक, डांबर आणि वंगण यांना तेल लागतच राहील, आणि ज्यांना नवे वाहन परवडत नाही ते जुन्या पेट्रोलच्या गाडीत, चढत्या-उतरत्या दरांसमोर, सर्वांत शेवटपर्यंत राहतील.

दुसरी अडचण तिजोरीची आहे. पेट्रोल विकले गेले नाही की त्यावरचा करही मिळत नाही, आणि रस्त्यांची दुरुस्ती तर करावीच लागते. नॉर्वेने २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर विजेच्या मोटारींना मूल्यवर्धित कर लावायला सुरुवात केली. न्यूझीलंडमध्ये डिझेलवर चालणाऱ्या वाहनांना लिटरमागे नव्हे तर धावलेल्या किलोमीटरमागे पैसे भरण्याची जुनी पद्धत आहे. १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारीही त्यात आल्या: मालकाने हजार-हजार किलोमीटरचे परवाने आगाऊ विकत घ्यायचे आणि किलोमीटरचा काटा त्या आकड्यापर्यंत पोहोचण्याआधी पुढचा परवाना काढायचा.